मासा पाहता पाहता

वाचकहो, या सदरात मी सहसा रक्तदाब, मधुमेह, मुलांचे जंत आणि म्हाताऱ्यांची गुडघेदुखी असे घरगुती विषय घेतो. आज मात्र जरा लांबच्या गावची हकिगत सांगणार आहे. माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतात. २०२३ च्या जुलै महिन्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. इतके दिवस लिहायचे टाळले, कारण तीत चूक माझी आहे, आणि इतरांना पथ्य सांगणाऱ्या माणसाला स्वतःचे कुपथ्य सांगणे जड जाते.

मिनेसोटा हे तळ्यांचे राज्य. तिथल्या मोटारींच्या नंबरप्लेटवरच 'दहा हजार तळी' असे छापलेले असते. प्रत्यक्षात दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ आहेत, असा सरकारी हिशेब आहे. हिवाळ्यात ही तळी इतकी गोठतात की लोक त्यांवर मोटारी चालवतात. त्यामुळे उन्हाळ्याचे तीन महिने आले की अख्खे राज्य उत्तरेकडे निघते. आपल्याकडे मे महिन्यात जसे कोकणात आजोळी जायचे, तसे तिकडे तळ्याकाठच्या लाकडी घरात जायचे. त्या घराला ते 'केबिन' म्हणतात. जावई आणि त्याचे दोन मित्र, एक नागपूरचा व एक तिथलाच, दरवर्षी मिळून आठवडाभर अशी एक केबिन भाड्याने घेतात. मिनीॲपोलिसहून मोटारीने दोन-अडीच तासांवर ब्रेनर्ड नावाचे गाव आहे, त्याच्या आसपास. आम्ही सारे मिळून तेरा माणसे होतो, त्यांत पाच मुले. आमचा नातू सर्वांत धाकटा, वय वर्षे सहा.

तळ्याकाठचे दिवस खरोखर आरोग्यदायी म्हणावेत असे. सूर्य रात्री नवाच्या सुमारास मावळतो. टीव्ही नाही, फोनला धड रेंज नाही. सकाळी लून नावाचा पाणपक्षी ओरडतो. त्याचे ओरडणे पहिल्या दिवशी ऐकून आमची सौभाग्यवती दचकून उठली होती, तिला कुणी रडते आहे असे वाटले. दिवसभर सगळ्यांचा एकच उद्योग, मासे धरणे. त्यातही बास.

बास हा तिथला मानाचा मासा. हिरवट अंग, कुशीवर एक काळपट पट्टा आणि केवढे तरी मोठे तोंड. जबडा पार डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेला. उन्हाळ्यात तो दुपारी खोल पाण्यात दडतो आणि सकाळ-संध्याकाळ काठच्या पाणवनस्पतींत शिकारीला येतो. गळाला रबरी गांडूळ लावून ते कमळाच्या पानांजवळ टाकायचे आणि हळूहळू ओढत आणायचे. बास ते चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. मग काठीला जो हिसका बसतो तो सांगून समजणार नाही. मासा हाती आला की त्याच्या खालच्या जबड्यात अंगठा घालून उचलायचा. त्याचे दात म्हणजे बारीक पॉलिश पेपर. तीन दिवसांत माझ्या अंगठ्याची साल निघाली, आणि ती मी मोठ्या अभिमानाने सर्वांना दाखवत होतो. साठी उलटल्यावर माणूस इतक्या लवकर मूल होतो, हे मला तेव्हा कळले.

खाण्याविषयी एक पोटगोष्ट सांगतो. बहुतेक लोक बास धरून परत सोडून देतात. खायचा झाला तरी जपून खावा, असे तिथले आरोग्य खाते सांगते. कोळशाच्या धुरातला पारा पावसाबरोबर तळ्यात उतरतो, बारीक जिवांत शिरतो. त्यांना छोटे मासे खातात, छोट्यांना बास खातो. प्रत्येक पायरीला पारा वाढतच जातो. म्हणून गरोदर स्त्रिया आणि १५ वर्षांखालील मुले यांनी बास महिन्यातून एकदाच, आणि किडे खाणारे छोटे सनफिश आठवड्यातून एकदा, असा हिशेब सांगितलेला आहे. आमच्या मुलीने तो पाळला. आमच्या पानात सनफिशच पडले, आणि ज्वारीच्या पिठात घोळवून तळल्यावर तेही फर्मास लागले.

असो. मूळ मुद्द्याकडे येतो.

केबिनची मालकीण ऐंशीच्या घरातली बाई होती. शेजारच्याच घरात एकटी राहायची. आम्ही पोचलो तेव्हा तिने किल्ली दिली आणि स्वयंपाकघराच्या दाराला लावलेल्या एका कागदाकडे बोट दाखवले. त्यावर एकच नियम लिहिलेला होता. तळ्यात गेलेल्या लाकडी धक्क्याच्या पहिल्या फळीवर पाय ठेवण्याआधी प्रत्येक मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट पाहिजे, पोहता येणाऱ्याच्याही. मुलीने मान डोलावली. मी मात्र मनात म्हटले, म्हातारीचे जरा अतीच आहे.

त्या राज्यात दहा वर्षांखालील मुलाला चालू नावेत लाइफ जॅकेट घालणे कायद्याने सक्तीचे आहे. मासे धरण्याच्या परवान्याबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतल्या नियमांविषयी जावयाने मला सांगितले होते. मी डॉक्टर असलो तरी वृत्तीने थोडा वकील आहे. मुलीला म्हणालो, "अगं, कायदा नावेपुरता आहे. धक्क्यावर कशाला त्या पोराला उकडवतेस? पाच पावलांवर तर आपण बसलेले असतो." ती म्हणाली, "बाबा, असू दे ना. इथे असंच करतात." विषय तिथे संपला. माझ्या मनातून मात्र तो गेला नव्हता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी जावई, मी आणि नातू नावेतून परतलो. मला १६ इंचांचा बास मिळाला होता. आठवड्यातला सर्वांत मोठा मासा म्हणून सारे धक्क्यावर जमले. नातू मला म्हणाला, "आजोबा, उकडतंय." मी त्याच्या जॅकेटचे तिन्ही पट्टे सोडले. माझ्या हातांनी सोडले. जॅकेट काढून बाकावर ठेवले.

माशाने गळ खोल गिळला होता. जावयाने चिमटा घेतला, नागपूरकरांनी मासा धरला, मी वाकून त्याच्या घशात पाहू लागलो. घसा दिसला की डॉक्टर वाकणारच. कुणी फोटो काढत होते, कुणी सूचना करत होते. आम्ही सहा मोठी माणसे एका खाटेएवढ्या जागेत उभी होतो. तेवढ्यात त्या मित्राची अकरा वर्षांची मुलगी अगदी साध्या आवाजात म्हणाली, "काका, तो पाण्यात आहे."

मला वाटले, माशाविषयी बोलते आहे.

मग पाहिले. धक्क्याच्या कडेला, माझ्यापासून दोन हातांवर, नातू पाण्यात उभ्याचा उभा होता. तोंड वर, डोळे उघडे, केस कपाळावर आलेले. तोंड पाण्याबाहेर यायचे आणि परत खाली जायचे. हात वर करून हाक मारणे नाही, धडपड नाही, आवाज नाही. दोन्ही हातांनी तो नुसते पाणी खाली दाबत होता, जणू शिडी चढतो आहे. पाणी पाच फुटांच्या आसपास असेल. जावयाने कपड्यांसकट उडी घेतली आणि त्याला वर दिले. सगळे मिळून अर्धा मिनिट, फार तर थोडे अधिक. तो पडला केव्हा, हे आम्हा सहाजणांपैकी एकालाही सांगता आले नाही.

पोर खोकले, दोनदा ओकले आणि मग रडले. ते रडणे ऐकून जे वाटले ते इथे लिहीत नाही. खोकला थांबेना म्हणून त्याला जवळच्या गावी इस्पितळात नेले. तिथे सहा तास नजरेखाली ठेवले, रक्तातला प्राणवायू तपासत राहिले, आणि सारे ठीक आहे म्हटल्यावर मध्यरात्रीनंतर घरी सोडले.

आता डॉक्टर म्हणून बोलतो. बुडणारा माणूस हात हलवतो, 'वाचवा वाचवा' ओरडतो, हे आपण सिनेमात पाहिलेले असते. प्रत्यक्षात बुडणारे माणूस गप्प असते. फ्रँक पिया नावाच्या एका अमेरिकन जीवरक्षकाने हे निरीक्षण अनेक वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले आहे. तोंड पाण्याबाहेर येते ते क्षणभर, आणि त्या क्षणात श्वास घेणे एवढेच शरीराला जमते. ओरडायला लागणारी हवा उरतच नाही. हात हलवावे म्हटले तर तेही आपल्या ताब्यात नसतात, ते आपोआप पाणी दाबत राहतात. ही अवस्था २० ते ६० सेकंद टिकते, मग माणूस खाली जातो. लहान मुलाच्या बाबतीत वेळ आणखी कमी. म्हणजे 'मी जवळच होतो, आवाज आला असता तर धावलो असतो' हे जे आपण म्हणतो, त्यात आवाज हा शब्दच चुकीचा आहे.

दुसरी गोष्ट, जवळ असणे आणि पाहत असणे यांत फरक आहे. सहा माणसे असली की प्रत्येकाला वाटते, बाकीचे पाच पाहताहेत. तिकडे काही शहाण्या घरांत पद्धत असते. एका माणसाने पंधरा-वीस मिनिटे फक्त मुलांकडे पाहायचे. हातात फोन नाही, पेला नाही, गळाची काठी नाही. मग पाळी दुसऱ्याची. ही पद्धत मला पटली. पण पाहणारा माणूसच आहे. मोठा मासा आला की तोही वाकणार. मी वाकलो तसा. म्हणून त्या म्हातारीचा नियम माझ्या वकिलीपेक्षा श्रेष्ठ होता. जॅकेट वाकून मासा पाहत नाही.

अमेरिकेच्या तटरक्षक दलाची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध होते. नौकाविहारातल्या अपघातांत जे दगावतात त्यांतले चारात तिघे बुडून मरतात, आणि त्या बुडालेल्यांपैकी दहात आठांहून अधिक जणांच्या अंगात जॅकेट नसते. पुष्कळांच्या नावेत ते असते, पण बाकाखाली. मोठ्या माणसांना आपल्याला पोहता येते याचा विश्वास असतो, आणि संध्याकाळी बिअरचा डबा उघडला की तो आणखी वाढतो.

जॅकेट कसे असावे हेही सांगतो, कारण नुसते रंगीत काहीतरी अंगात अडकवून उपयोग नाही. मुलाच्या वजनाप्रमाणे घ्यावे. ते वजन आतल्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून मोठे घेऊ नये. घालून सगळे पट्टे आवळावेत आणि खांद्यांना धरून वर उचलून पाहावे. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर ते सैल आहे, पाण्यात मूल त्यातून निसटेल. अगदी लहानांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असतो, तो लावावा. हवा भरलेली ट्यूब किंवा दंडाला बांधायचे फुगे म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. ते खेळणे आहे.

माझ्या नातवाचा प्रसंग निभावला. एक निभावला नव्हता. १९८६ साली मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर होतो. आठ वर्षांची मुलगी विहिरीत पडली. गावकऱ्यांनी तिला लगेच काढले, पण काढल्यावर एकाने तिला पायांनी उलटे धरले, दुसऱ्याने खांद्यावर घेऊन गरागरा फिरवले, तिसऱ्याने पोट दाबले. पाणी निघाले पाहिजे, एवढेच सर्वांच्या डोक्यात. पोटातले पाणी निघाले. त्या सगळ्यात बैलगाडी जुंपून माझ्यापर्यंत यायला पाऊण तास गेला. तिचा बाप गाडीबरोबर पळत आला होता. मला त्याला सांगावे लागले.

पोटातल्या पाण्याने माणूस मरत नाही, मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने मरतो. चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. म्हणून श्वास बंद असेल तर पाठीवर सपाट निजवा, मान किंचित मागे करून हनुवटी उचला, नाक दाबून तोंडाने श्वास द्या. आधी दोन ते पाच श्वास, मग छातीच्या मधोमध ३० दाब, मग दोन श्वास, पुन्हा ३० दाब. मदत येईपर्यंत थांबू नका. दरम्यान दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. आणि मूल शुद्धीवर आले, हसले-बोलले, तरी खोकला, धाप किंवा गुंगी असेल तर पुढचे काही तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवा.

वाचक म्हणतील, आमच्याकडे कुठले केबिन नि कुठला बास! बास नसेल, पाणी आहे. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून आपल्या भागात किती शेततळी झाली ते रस्त्याने जाता-येता दिसते. पिकाला त्यांचा आधार झाला, यात वाद नाही. पण त्यांना आतून प्लॅस्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरते, आणि उतार असा की पडलेल्याला चढून येता येत नाही. पोहणारा गडीसुद्धा दमून जातो. मूल पडले, त्याला काढायला बाप उतरला आणि दोघेही गेले, अशा बातम्या याच वर्तमानपत्रात आपण वाचतो. आपल्या देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात, अशी सरकारी नोंद आहे. साथीच्या रोगाने इतकी माणसे गेली असती तर गावोगाव फवारणी झाली असती.

मी हे बोललो की हमखास उत्तर येते, "डॉक्टरसाहेब, आम्ही पाठीला डबा बांधून विहिरीत उड्या मारून शिकलो, काय झालं आम्हाला?" मीही तसाच शिकलो. पण शिकता शिकता जे बुडाले ते आपल्याला सांगायला येत नाहीत, म्हणून आपल्याला वाटते सगळेच शिकले. आणि डबा बांधला होता ना? बांधणाऱ्या बापाला आपण भित्रा म्हणत नाही. मग जॅकेट घालणाऱ्या आईला का म्हणावे? पोहायला जरूर शिकवा. मी तर म्हणेन, सातवीच्या आत प्रत्येक मुलामुलीला शिकवा, मुलींना विशेष करून, कारण विहिरीवर आणि नदीवर त्याच अधिक जातात. पण पोहता येणे ही एक काळजी झाली, जॅकेट ही दुसरी. एक आली म्हणून दुसरी सोडू नये.

शेततळ्याला कुंपण घालायला खर्च येतो, हे मला कळते. पण चार कोपऱ्यांना गाठी मारलेला जाड दोर बांधून आत सोडायला किंवा मोटारीची जुनी ट्यूब फुगवून दोराने खुंटीला अडकवायला काही शेकड्यांत काम होते. ट्यूब मुलाला घालायची नव्हे, पडलेल्याकडे फेकायची. आपण मागोमाग उडी घ्यायची नाही. ग्रामपंचायतीने दहा जॅकेटे घेऊन शाळेत ठेवली आणि सहलीला, गणपती विसर्जनाला मुलांना वापरायला दिली, तर कोणते अंदाजपत्रक कोसळणार आहे? विसर्जनाच्या मंडपाला विजेची रोषणाई किती होते, ते मी वर्गणीच्या पावत्यांवरून जाणतो.

तळ्याकाठी दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले ते सांगायचे राहिले. मला वाटले, पोर आता पाण्याजवळ फिरकणार नाही. तो सहालाच उठला आणि जॅकेट शोधू लागला. बाकावर नव्हते. मालकीणबाईंनी ते रात्री उचलून धुऊन वाळत घातले होते. त्यांना सारे कळले होते, आमची मोटार रात्री घाईने गेलेली त्यांनी पाहिली होती. मी खजील होऊन समोर गेलो. बाई एक शब्द बोलल्या नाहीत. नातवाचे जॅकेट त्याच्या हातात दिले, आणि घरात जाऊन एक मोठे, रंग उडालेले जॅकेट आणून माझ्या हातात दिले.

मी ते घातले. पट्टे नातवाने आवळले, आणि खांद्यांना धरून वर ओढूनही पाहिले. मग आम्ही दोघे धक्क्यावर बसून गळ टाकला. नऊ वाजेपर्यंत एकही मासा लागला नाही.